मोठ्या माणसांचे देवी डॉक्टर

माणसाला चेहरा असतो, ही गोष्ट आमच्या शेजारच्या देवी डॉक्टरांनी आयुष्यात कधी मान्य केली नाही. त्यांच्या लेखी माणूस म्हणजे एक डावा दंड, आणि तो दंड इकडून तिकडे नेण्यासाठी देवाने त्याला जोडून दिलेलं बाकीचं सामान. तीस वर्षं त्यांनी सोलापूरच्या आसपासची गावं पालथी घालून लहान मुलांना देवीची लस टोचली होती. त्या नोकरीतल्या माणसाला आमच्याकडे सरसकट देवी डॉक्टर म्हणत, मग तो डॉक्टरकी शिकलेला असो वा नसो. आमचे डॉक्टर शिकलेले नव्हते आणि हे ते पहिल्या भेटीतच सांगून टाकत, "मी डॉक्टर नव्हे हं. मी टोच्या." बाजारात कुणी अदबीने रामराम केला तर ते त्याच्याकडे परक्यासारखे बघत राहत. मग त्या माणसाने ओळख पटवण्यासाठी सदऱ्याची बाही वर केली की यांचा चेहरा उजळे. "अरे, कुंभारीचा ना तू? विहिरीजवळचं घर! फार लाथा झाडल्या होत्यास!" एकदा आमच्या शाळेतल्या एका शिक्षकाच्या लग्नात नवऱ्या मुलाला हळद लागत होती. त्याचा उघडा दंड दिसताच हे मांडवात सगळ्यांदेखत पुढे झाले, चष्मा कपाळावर चढवून दंडावरचे वण बोटाने चाचपले आणि वधूपित्याला म्हणाले, "निर्धास्त पोरगी द्या. झकास उठल्या होत्या." वधूपित्याला वाटलं, हे पत्रिकेतलंच काहीतरी आहे. त्याने भक्तिभावाने हात जोडले.

मी तेव्हा सोलापुरात एका मराठी शाळेत नुकताच मास्तर म्हणून लागलो होतो. आमच्या घरात शाळेची पायरी चढलेला मी पहिलाच. वडील मानमोडीच्या तापात, त्या वर्षीच्या इन्फ्लुएंझाच्या साथीत माणसं पटापट गेली त्यांत, छाती भरून गेले. गावी करकंबला आई एकटीच होती, तिला मी घेऊन आलो आणि गिरणीच्या अलीकडच्या एका चाळीत दोन खोल्या घेतल्या. समोर हातमागवाली नरसव्वा राहायची आणि शेजारी, एका भिंतीपलीकडे, पेन्शनीत निघालेले हे देवी डॉक्टर. बायको गेलेली, एकुलती एक मुलगी धारवाडला दिलेली. घरात ते, एक लोखंडी पेटी आणि एक स्पिरिटचा दिवा.

हा दिवा कधी विझलेला मी पाहिला नाही. नोकरीत त्यांना हत्यारं उकळायची सवय लागली होती आणि नोकरी संपली म्हणून उकळणं काही संपलं नव्हतं. अडकित्ता उकळून मग सुपारी कातरत. दाढीचा वस्तरा उकळून उकळून त्याची धार अशी गेली होती की त्यांची दाढी नेहमी कालची दिसे. आई एकदा ओट्यावर गोधडी शिवायला बसली, तर तिच्या हातातली सुई मागून घेतली, आत गेले आणि थोड्या वेळाने चिमट्यात धरून ती गरम सुई परत आणून दिली. आई आ वासून बघत राहिली. "अवो डाक्तर, गोधडीला काय देवी यायच्यात व्हय?" त्यावर ते गंभीरपणे म्हणाले, "गोधडीला नाही अक्का. पण बोट तुमचं आहे." आई त्यांच्यामागे लई हसली, पण दुसऱ्या दिवशी बोटात सुई घुसली तेव्हा तिने ते बोट पदराखाली लपवलेलं मी पाहिलं.

त्यांची दुसरी खोड म्हणजे श्वास मोजणं. तुम्ही त्यांना काही जिव्हाळ्याचं सांगत असावं आणि त्यांनी हळूच खिशातलं घड्याळ काढून तुमच्या छातीकडे टक लावावी. तुम्ही भावनेच्या भरात शेवटाला आलात की ते घड्याळ मिटून म्हणत, "अठरा. ठीक आहे." आमचे हेडमास्तर त्यांच्यापाशी एकदा आपल्या थोरल्या भावाच्या वागण्याबद्दल तासभर बोलले. सगळं ऐकून घेऊन डॉक्टर एवढंच म्हणाले, "भावाचं नाव निघालं की चोवीसवर जाताय. भाऊ टाळा." हेडमास्तरांनी तेव्हापासून टाळलं डॉक्टरांना. तिसरी खोड भाषांची. सोलापुरात दहा पावलांवर बोली बदलते, म्हणून त्यांनी 'दुखणार नाही' हे एकच वाक्य चार भाषांत पाठ केलं होतं. मराठीत तर होतंच. शिवाय नरसव्वेच्या तेलुगूत "नोप्पि लेदु", अक्कलकोटकडच्या लोकांसाठी कानडी, आणि बागवानांसाठी दखनी, "कुछ नै होता अम्मा." या पलीकडे त्या तीन परभाषांतला एक शब्द त्यांना येत नसे. आई म्हणायची, "चार भाषा शिकलाय, अन् चारी भाषांत खोटंच बोलतोय."

पण खरी गंमत त्यांनी पेन्शनीत निघाल्यावर सुरू केली. तीस वर्षं पोरांना टोचल्यावर त्यांना एकाएकी साक्षात्कार झाला की आपण चुकीच्या वयाच्या मागे धावत होतो. "पोरं रडतात हो मास्तर, पण त्यांना धरता येतं," ते मला सांगत. "ही मोठी माणसं! रडत नाहीत, हसतात आणि हात मागे घेतात. मरतातही हसत हसतच." प्लेगच्या साथीत ते मोठी सुई धरायला शिकले होते. आता कॉलऱ्याची लस आली, टोचणीची मंडळी आली, की हे आपणहून त्यांच्याबरोबर निघत. विणकरांच्या मागापुढे जाऊन बसत, तो माग थांबवीपर्यंत बसून राहत. न्हाव्याच्या दुकानात गिऱ्हाइकाच्या गालाला साबण लागला की समोर उभे राहत, कारण त्या अवस्थेत माणूस पळू शकत नाही. त्यांना बघून चाळीतल्या पुरुषांना संडासाची आठवण होई.

मग एका वर्षी दिवाळीच्या सुमारास स्टेशनकडच्या एका डॉक्टरांनी मुंबईहून नवी लस मागवली. सर्दी-पडशातून छाती भरते, न्यूमोनिया होतो, त्यावरची. मोठ्या माणसांसाठी. ही बातमी घेऊन आमचे देवी डॉक्टर जसे धावत आले, तसा मुलगा झाल्याची बातमी घेऊन कुणी धावलेला मी पाहिला नाही. त्यांच्या पायात एकच वहाण होती. "मास्तर, आली! फुप्फुसाची आली!" पण एक सांगितलं पाहिजे. इतक्या आनंदातही त्यांनी मला फसवलं नाही. ती लस किती पक्की, किती दिवस टिकते, हे तेव्हा कुणालाच धड ठाऊक नव्हतं. मी विचारलं तेव्हा ते म्हणाले, "छत्री आहे मास्तर, छप्पर नाही. पण पावसात बिनछत्रीचं का उभं राहायचं?" आणि लगेच त्यांची नजर माझ्या खांद्यावरून आत चुलीशी बसलेल्या आईकडे गेली. आई दर हिवाळ्यात खोकायची. भिंतीपलीकडून तो खोकला ते दोन हिवाळे ऐकत होते, आणि मला खात्री आहे, मोजतही होते.

आईने साफ सांगितलं, "मला न्हाय टोचून घ्यायचं. मी काय पोर हाय?" त्या दिवसापासून रोज शाळा सुटून मी घरी येई तेव्हा ओट्यावर हे दोघे समोरासमोर बसलेले असत. आई शेंगा फोडत असे आणि डॉक्टर लस कशी तयार होते ते सांगत असत. मेलेले जंतू अंगात घालायचे, हे ऐकून आईने शेंगांचं सूप बाजूला ठेवलं. "मेलेलं? मग त्यांचं सुतक कोण धरायचं?" डॉक्टरांनी दुसऱ्या दिवशी जंतूंचा विषय सोडून नरसव्वेचा धरला. तिने टोचून घेतलं होतं आणि दंड मिरवीत ती सगळ्या चाळीत हिंडत होती. आई म्हणाली, "तिचा दंड बघा, मुसळावानी. तिला सुई कुटं लागली ते तरी कळलं का?" असे आठ-दहा दिवस गेले. शेवटी एके दिवशी मी येऊन बघतो तर शेंगा तशाच पडलेल्या. आई त्यांना वडिलांचं सांगत होती. किती दिवस ताप होता, शेवटी धाप कशी लागली, पाणी मागितलं आणि घोट आत गेला नाही, सगळं. मला तिने हे कधीच सांगितलं नव्हतं. डॉक्टरांच्या हातात घड्याळ नव्हतं.

सांगून झाल्यावर आईने विचारलं, "ही सुई तवा असती, तर त्यांनी घेतली असती का हो?"

कुणीही दुसरा 'घेतली असती' म्हणाला असता. डॉक्टरांनी विचार केला आणि मान हलवली. "नसती घेतली अक्का. पुरुषमाणूस. हसले असते."

आईला एकदम हसू आलं. डोळ्यांत पाणी आणि तोंडावर हसू. "व्हय, हसलंच असतं," ती म्हणाली आणि लुगड्याचा पदर सावरून तिने चोळीची बाही वर सरकवली. डॉक्टर असे गडबडले की चारही भाषांत एकदम बोलले.

त्या टोचण्याने आईला सडकून ताप आला. दंड सुजला, अंग ठणकलं, दोन दिवस ती अंथरुणावरून डॉक्टरांचा उद्धार करत होती. "धडधाकट व्हते, मला आजारी पाडली! जिता माणूस गाडाय निघालाय!" डॉक्टर दाराबाहेर ओट्यावर दोन दिवस प्रायश्चित्त घेतल्यासारखे बसून होते. असा ताप येतोच, हे त्यांना ठाऊक होतं, तरी एकेका शिवीला ते मान खाली घालून "खरं आहे अक्का" म्हणत. दुसऱ्या दिवशी त्यांनी स्वतःच्या हाताने हुलग्याचं पातळ माडगं करून आणलं. ते त्यांनी इतकं उकळलं होतं की पातेल्याला चिकटून बसलं होतं आणि चमच्याने खरवडावं लागलं. आईने ते सगळं खाल्लं. तिसऱ्या दिवशी ताप गेला, आठवड्याने दुसरी सुई, तेव्हा तापही कमी आणि शिव्याही कमी.

माझी पाळी त्याच आठवड्यात होती. पण शाळेची तपासणी जवळ आली होती. दिपोटी इन्स्पेक्टर येणार म्हटल्यावर वर्गाच्या भिंती सारवण्यापासून मुलांच्या कविता घोटून घेण्यापर्यंत सगळं माझ्या अंगावर. त्यात दोन दिवस ताप घेऊन पडायला सवड कुणाला? "पुढच्या आठवड्यात बघू," मी डॉक्टरांना म्हणालो. पुढच्या आठवड्यातही तेच म्हणालो. खरं सांगायचं तर तपासणी हे निमित्त होतं. मी सव्वीस वर्षांचा, पहाटे तलावापर्यंत फिरायला जाणारा, छाती पुढे काढून चालणारा. लस म्हाताऱ्याकोताऱ्यांसाठी, असं मनात ठाम होतं. डॉक्टर लोखंडी पेटी घेऊन दारात आले तेव्हा मी हसलो आणि हात मागे घेतला. त्यांनी माझ्याकडे क्षणभर पाहिलं आणि पेटी उचलून ते परत गेले.

दिपोटी येऊन गेले. शेरा चांगला मिळाला. त्यानंतर पाच-सहा दिवसांनी, पौषातल्या एका सकाळी, फळ्यावर लिहिता लिहिता मला हुडहुडी भरली. दात असे वाजू लागले की खडू हातातून गळाला. घरी कसा आलो ते आठवत नाही. उजव्या कुशीत सुरी खुपसल्यासारखी कळ येत होती आणि श्वास तिथेच अडत होता. स्टेशनकडचे डॉक्टर आले, छातीला नळी लावून त्यांनी ऐकलं, कफाचा विटकरी रंग पाहिला आणि आईला सांगितलं, "न्यूमोनिया आहे. सातवा ते नववा दिवस. तोवर ताप ओसरला तर सुटले." यावर रामबाण असं औषध तेव्हा आमच्या गावात नव्हतं. पडून राहायचं, पाणी प्यायचं, छातीला अळशीचं पोटीस बांधायचं आणि वाट बघायची.

देवी डॉक्टर त्या दिवशी आमच्या घरात आले ते आपल्या घरी परत गेलेच नाहीत. पोटीस तेच थापत. गरम किती ते आधी स्वतःच्या मनगटावर बघत, मग माझ्या छातीला लावत. कफाची वाटी तेच उचलत आणि उकळून आणत. तासातासाला घड्याळ काढून मोजत, अडतीस, बेचाळीस, अठ्ठेचाळीस, आणि आकडा आईला न सांगता एका कागदावर लिहीत. आई माझ्या उशाशी, माझ्या तोंडावर वाकून, माझा खोकला आपल्या अंगावर घेत दिवसचे दिवस बसली होती. ती आजारी पडली नाही. छत्रीमुळे की नशिबामुळे, मला सांगता येणार नाही. डॉक्टरही कधी ठामपणे म्हणाले नाहीत. पण तिच्याकडे बघताना त्यांची मान किंचित ताठ होई, एवढं मी तापातही पाहिलं.

आणि ते बोलत नव्हते. हे मला तेव्हा कळलं नाही, नंतर आईने सांगितलं. न्हाव्याच्या दुकानात गिऱ्हाइकाला न सोडणारा हा माणूस आठ दिवस पोटीस, पाणी, वाटी याशिवाय एक शब्द बोलला नाही. नरसव्वा दारात येऊन म्हणाली, "मास्तरने सुई घेतली असती तर..." तेव्हा त्यांनी तिला हाताने थोपवलं आणि दार लोटून घेतलं.

आठव्या दिवशी दुपारी गिरणीचा भोंगा झाला आणि मला घाम फुटला. असा फुटला की गादी भिजली, गोधडी भिजली, आईने अंग पुसलेले पंचे पिळता येऊ लागले. आई घाबरली. तिला वाटलं, शेवटचं आहे. डॉक्टरांनी माझा दंड हातात घेतला, बराच वेळ बोटाखाली नाडी धरून बसले, मग घड्याळ काढून श्वास मोजले. "अक्का," ते म्हणाले, "सव्वीस." आईला सव्वीस म्हणजे काय ते कळेना. ती त्यांच्या तोंडाकडे बघत राहिली. "सव्वीस, अक्का! सुटलो!" असं म्हणून ते भिंतीशी खाली बसले आणि लहान मुलासारखे रडले. मी डोळे उघडून बघितलं ते हेच पहिलं.

बरा व्हायला मला महिना लागला. डॉक्टर मला ओट्यावर उन्हात बसवत, मी शेंगा खात असे, ते सुपारी कातरत. एक दिवस मी धीर करून विचारलं, "डॉक्टर, तुम्ही मला एकदाही बोलला नाहीत. बोलायला हवं होतं."

त्यांनी अडकित्ता मिटून ठेवला. मग म्हणाले, "मानमोडीच्या वर्षी मी सांगोल्याकडे दौऱ्यावर होतो मास्तर. पोरांना देवी टोचत. इथे आमच्या घरात ही तापाने... निरोप मला पोचेपर्यंत सगळं आटोपलं होतं. तेव्हा ही लस नव्हती. म्हणून माझ्याकडे दोष नाही, असं मी स्वतःला रोज सांगतो. सवय झाली आहे." सुपारीची खांडं एका बाजूला सारत ते म्हणाले, "तुमच्या वेळी लस होती. भिंतीपलीकडे, माझ्या पेटीत. तुम्ही हसलात आणि मी परत गेलो. न्हाव्याच्या दुकानात मी कुणाला सोडत नाही, आणि तुम्हाला सोडलं, कारण तुम्ही शिकलेले, मला वाटलं, यांना काय सांगायचं. तुम्ही गेला असतात तर मला स्वतःला सांगायला काही उरलं नसतं. तुम्हाला कुठे बोलू?"

आभार मानायला हवे होते. मी बाही वर केली आणि दंड पुढे धरला. "आता नाही," ते म्हणाले, "अजून अशक्त आहात. पुढच्या थंडीत." आणि खिशातलं घड्याळ काढलं.

पुढच्या थंडीत त्यांनी टोचलं, त्याच्या पुढच्याही. चार भाषांत दुखणार नाही म्हणाले आणि चांगलंच दुखलं. त्यानंतर त्यांच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरला, हात कापू लागला. एकदा नरसव्वेला सुई दोनदा लावावी लागली, तेव्हा त्यांनी पेटी मिटली ती मिटलीच. धारवाडहून मुलगी न्यायला आली. आईने शेंगाचटणी आणि कडक भाकऱ्यांचं गाठोडं बांधून दिलं. स्टेशनवर गाडी हलताना ती एकदम म्हणाली, "डाक्तर, पुढच्या साली आमाला कोन टोचणार?" ते खिडकीतून काहीतरी म्हणाले. ते इंजिनाच्या आवाजात ऐकू आलं नाही.

दिवाळी सरली तसे आम्ही दोघं आपणहून स्टेशनकडच्या दवाखान्यात गेलो. बाकावर आधीच मोठी माणसं बसली होती, हातमागवाली, गिरणीतली, तो न्हावीसुद्धा. कुणी हसत नव्हतं. कंपाउंडर नवीन होता, पुण्याकडचा. वहीत नावं लिहून घेत तो प्रत्येकाला विचारत होता, "कुणी पाठवलं?" आईची पाळी आली.

"घरच्यानं," आई म्हणाली.

त्याने मान वर करून माझ्याकडे पाहिलं. "म्हणजे तुम्ही?"

"नाही," मी बाही वर करत म्हणालो. "आमच्या घरचे धारवाडला असतात."